किरणोपचारानंतरचा मूत्रपिंडविकार

पोटावर किंवा सर्वांगावर दिलेल्या किरणांमुळे मूत्रपिंडांना होणारी, पण उशिरा उघडकीला येणारी इजा. कर्करोगावरच्या किरणोपचाराला आपल्याकडे ‘लाइट घेणे’ किंवा ‘शेक’ म्हणतात. शेक चालू असताना मळमळ, जुलाब, थकवा जाणवतो आणि ओसरतो. मूत्रपिंडाची तक्रार मात्र साधारण सहा महिन्यांनंतर, कधी कित्येक वर्षांनी सुरू होते.

किरणांनी डीएनए दुखावलेली पेशी बहुधा विभाजनाच्या वेळी मरते. आतड्याचे अस्तर काही दिवसांत बदलते, म्हणून जुलाब लगेच लागतात. मूत्रपिंडातील पेशी फार सावकाश विभागतात. इजा शेक चालू असतानाच झालेली असते, ती दिसायला वेळ लागतो. आधी गाळणीतल्या केशवाहिन्यांचे अस्तर सुटते, तिथे बारीक गुठळ्या धरतात, पुढे नलिका सुकतात आणि मूत्रपिंड आक्रसते.

जठर, स्वादुपिंड, पाठकण्यालगतच्या लसीका ग्रंथी यांवर किरण देताना मूत्रपिंडे वाटेत येतात. दोन्ही मूत्रपिंडांना पोहोचलेली सरासरी मात्रा १५ ते १८ ग्रेच्या (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचे एकक) आत राहिली तर धोका ५ टक्क्यांहून कमी धरतात. २८ ग्रेपर्यंत तो ५० टक्क्यांवर जातो. सिस्प्लॅटिनसारखे कर्करोगाचे औषध जोडीला असेल तर कमी मात्राही बाधू शकते. अस्थिमज्जा रोपणापूर्वी सर्वांगाला किरण देताना म्हणूनच काही ठिकाणी मूत्रपिंडांवर आडोसा धरतात. स्तन किंवा घशाच्या शेकात मूत्रपिंडे किरणांच्या वाटेत येत नाहीत, आणि तपासणीच्या एक्स-रेची मात्रा इतकी थोडी असते की या विकाराची भीती धरू नये.

पुण्यात शेक घेणारे पुष्कळजण बाहेरगावचे असतात. फलटण किंवा बारामतीहून आलेला माणूस स्वारगेटला उतरतो, धनकवडीला नाहीतर हडपसरला नातेवाइकांकडे पाच-सहा आठवडे राहतो आणि गावी परततो. दीड वर्षाने घोट्यावर बोट दाबले की खळगा तसाच राहतो, बीपी वाढलेले निघते, जिना चढताना दम लागतो. गावातले डॉक्टर बीपीची गोळी सुरू करतात. जुन्या शेकाचा विषय निघतच नाही. शरीराचा कोणता भाग, एकूण किती ग्रे, किती दिवसांत, हे लिहिलेला उपचाराच्या शेवटी मिळणारा कागद फाइलीत सर्वांत वर ठेवावा आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांना दाखवावा. माझ्या मते या आजारात त्याच्याइतका उपयोगी कागद दुसरा नाही.

लघवीत प्रथिने जाणे ही लवकरची खूण. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड गाळून टाकते ते रक्तातले टाकाऊ द्रव्य, मूत्रपिंडाचे जवळजवळ निम्मे काम थांबेपर्यंत ठीक दिसू शकते, तेव्हा केवळ त्याच्यावर विसंबू नये. रक्तक्षयही अनेकदा अपेक्षेपेक्षा जास्त असतो. इजा झालेली गाळणी पूर्ववत होत नाही. पण बीपी काटेकोर ताब्यात ठेवले, विशेषतः एनालाप्रिल, रामिप्रिल या गटातील औषधांनी, तर ऱ्हास मंदावू शकतो. या गोळ्यांवर असताना पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हापुन्हा तपासावे लागते. काम पुरते थांबले की डायलिसिस किंवा प्रत्यारोपण.

एकाच मूत्रपिंडाला किरण लागले तर दुसरे भार उचलते आणि क्रिएटिनिन बिघडतही नाही. आक्रसलेले मूत्रपिंड मात्र रेनिन हे बीपी वाढवणारे द्रव्य सोडत राहते आणि बीपी चढते. काही रुग्णांत ते एक मूत्रपिंड काढल्यावर बीपी उतरल्याची नोंद आहे.