जोर, बल आणि पिकअप : भौतिकशास्त्राच्या पहिल्या धड्यामागची गोष्ट

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा 'गतीचे नियम'. जूनमध्ये शाळा उघडतात, पंचगंगेचं पाणी गढूळ होऊ लागतं आणि त्याच दिवसांत आमच्या संध्याकाळच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतं, "सर, बल म्हणजे ताकदच की?" या प्रश्नाला मी कधीच चटकन उत्तर देत नाही. तो समजून घ्यायचा तर बरंच मागं जावं लागतं.

कोल्हापूरच्या पोराला 'जोर' हा शब्द तालमीतून मिळतो. सकाळी जोर मारायचे, म्हणजे व्यायाम. गाडी ढकलताना "जोर लाव" म्हणायचं. तापातून उठलेल्या माणसाच्या "अंगात जोर न्हाई" म्हणायचं. भौतिकशास्त्राला मात्र इथं वेगवेगळे शब्द हवेत. ढकलणं म्हणजे बल. ढकलून वस्तू सरकली की झालं ते कार्य. ते करायची अंगातली क्षमता म्हणजे ऊर्जा, आणि ते किती झटपट केलं ती शक्ती. बोलीत हे सगळं एकाच 'जोरा'त मावतं, आणि रोजच्या व्यवहारात त्यावाचून काही अडतही नाही.

ही गल्लत फक्त मराठी मुलांची आहे असं मुळीच नाही. न्यूटनचा गतीच्या नियमांचा ग्रंथ १६८७ सालचा, म्हणजे शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सात वर्षांनी आलेला. त्यात बल होतं, आजच्या अर्थाची ऊर्जा नव्हती. तो शब्द आजच्या अर्थाच्या जवळपास पहिल्यांदा वापरला थॉमस यंगनं, १८०७ मध्ये. त्याच्याही चाळीस वर्षांनंतर, १८४७ मध्ये, हेल्महोल्ट्झनं ऊर्जेच्या अक्षय्यतेवर आपला गाजलेला निबंध लिहिला, तेव्हा शीर्षकात ऊर्जेसाठी जर्मन शब्द घातला 'क्राफ्ट', म्हणजे बल! युरोपातल्या पहिल्या फळीच्या शास्त्रज्ञांना हे दोन शब्द वेगळे करायला दीडशे वर्षं लागली. नववीतल्या मुलाकडून आपण ते दोन तासिकांत मागतो.

आपल्याकडचे शब्द त्याहून कितीतरी जुने आहेत. गुरुत्व, द्रवत्व, वेग हे तिन्ही वैशेषिक दर्शनातले, म्हणजे प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानाच्या एका शाखेतले. वस्तू खाली पडते ती गुरुत्वामुळं, असं त्या दर्शनात मांडलंय. भास्कराचार्यांनीही ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त पृथ्वीच्या आकर्षणशक्तीबद्दल लिहिलंय. पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो 'वेग'. वैशेषिकांच्या मते वेग हा वस्तूतच बाणलेला एक संस्कार. धक्क्यानं तो वस्तूत येतो, तिला पुढं नेतो आणि अडथळ्याला भिडून नाहीसा होतो.

आता एखाद्या मुलाला विचारून बघा, चेंडू हातातून सुटल्यावरही पुढं का जातो? दहातले बहुतेक हेच सांगतील की चेंडूत आपण जोर भरलेला असतो आणि तो संपला की चेंडू पडतो. कुठल्याही दर्शनाचं नाव न ऐकलेलं पोर त्याच ठिकाणी येऊन पोचतं. डोळ्यांना दिसतं ते तसंच आहे, म्हणून. ढकलायचं थांबवलं की हातगाडी थांबते, हा अनुभव खोटा कसा म्हणायचा? गॅलिलिओनं उतारावरून गोळे सोडले, पृष्ठभाग जितका गुळगुळीत तितका गोळा लांब जाणार हे ओळखलं, आणि मग मनातल्या मनात घर्षण शून्यावर नेलं. थांबवणारा कुणी नसेल तर गोळा थांबणारच नाही. हे 'मनातल्या मनात' शिकवणं सगळ्यात अवघड. माझ्या मते भौतिकशास्त्राची खरी सुरुवात तिथंच होते, सूत्रं त्याच्या मागून येतात.

मराठीतून हे शिकवायचे प्रयत्न मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरू झाले. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसनं शास्त्रीमंडळींना हाताशी धरून गणिताची पुस्तकं मराठीत आणली. १८३२ मध्ये 'दर्पण' काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये 'दिग्दर्शन' मासिक सुरू केलं आणि त्यातून विज्ञानाचे विषय मराठी वाचकांपुढं ठेवले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ आलं, वरचं शिक्षण इंग्रजीतून पक्कं झालं आणि मराठी शास्त्रग्रंथांची वाट अरुंद झाली.

ती वाट कोल्हापुरात चालू ठेवली बाळाजी प्रभाकर मोडकांनी. राजाराम कॉलेज १८८० मध्ये सुरू झालं. मोडक तिथं विज्ञान शिकवत आणि पदार्थविज्ञान, रसायन अशा विषयांवर मराठीत पुस्तकं लिहीत. कोल्हापूरच्या इतिहासावरही त्यांनी लिहिलं. शिकवण्याची भाषा इंग्रजी असताना स्वतःच्या गावातल्या वाचकासाठी एकेक पारिभाषिक शब्द मराठीत बसवायचा, हे काम किती चिवटपणाचं असेल ते वर्गात एक धडा मराठीतून शिकवून पाहिल्यावर कळतं. एवढ्या माणसाचं नाव आमच्या मुलांना माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं. नारळीकरांचं असतं. सापेक्षतावादाचे अभ्यासक विष्णु वासुदेव नारळीकर १९०८ मध्ये आणि त्यांचे चिरंजीव जयंत १९३८ मध्ये कोल्हापुरातच जन्मले.

१९१७ मध्ये शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पुस्तकातलं विज्ञान शेतकऱ्याच्या घरापर्यंत जायची वाट तिथून उघडली. हातातलं विज्ञान मात्र त्या घरांत आणि कारखान्यांत आधीपासून होतंच. बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा इथंच घडवला. त्या कॅमेऱ्यात फिल्म नुसती सरकून भागत नाही. सेकंदाला सोळाच्या आसपास वेळा ती भिंगामागं क्षणभर थांबावी लागते, तेवढ्यात प्रकाश पडावा लागतो आणि पुन्हा सरकावी लागते. प्रकाश आणि गती हे दोन्ही धडे त्या एका पेटीत आहेत.

याहून जवळचं उदाहरण म्हणजे बंधारा. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा पुढं सगळ्या महाराष्ट्रात गेला. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, एकावर एक बसवायचे आणि पाणी अडवायचं, पुढच्या पावसाआधी ते काढून घ्यायचे. बरगे काढणाऱ्या माणसांना विचारा. वरचा बरगा सहज निघतो, खालचा खाचेत आवळून बसलेला असतो. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. तीन मीटर खोलीवर दर चौरस मीटरला साधारण तीन टन वजनाएवढा रेटा असतो. तो बरग्याला खाचेच्या कडेवर दाबून धरतो, आणि दाब जितका जास्त तितकं घर्षण जास्त. मुलांना खरा धक्का बसतो तो पुढच्या गोष्टीचा. बंधाऱ्यामागं पाणी एक किलोमीटर तुंबलेलं असो वा दहा, खोली तीच असेल तर बरग्यावरचा दाबही तोच. यावर वर्गात हमखास भांडण होतं, आणि मी ते होऊ देतो. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजेही याच दाबावर चालतात. पातळी ३४७.५० फुटांवर गेली की ते आपोआप उघडू लागतात आणि ती बातमी मोबाइलवर घरोघर पोचते. पुराची धास्ती बाळगून वाचली जाणारी ती बातमी हा दाबाचाच धडा असतो.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं आणि मराठीतल्या शास्त्रीय शब्दांचं काम सरकारनं हाती घेतलं. भाषा संचालनालय उभं राहिलं, विश्वकोशाचं काम वाईत चाललं, १९६७ मध्ये बालभारती आली. काम मोठं झालं, पण शब्द मात्र प्रत्येकाचे वेगळे निघाले. पाण्यात अर्धी बुडवलेली काठी मोडल्यासारखी दिसते, त्याला जुन्या पुस्तकांत 'वक्रीभवन' म्हणत. विश्वकोशात ते 'प्रणमन' झालं आणि आजच्या दहावीच्या पुस्तकात 'अपवर्तन' आहे. 'पदार्थविज्ञान' मागं पडून 'भौतिकशास्त्र' आलं. आजोबा नातवाचा अभ्यास घ्यायला बसतात आणि दोघांनाही विषय येत असून बोलणं जुळत नाही, हे मी पाहिलेलं आहे. 'वेग' आणि 'चाल' यांत पुस्तक फरक करतं आणि हायवेवरची पाटी 'वेगमर्यादा' म्हणते. मुलानं नेमकं कुणाचं ऐकायचं?

दहावी झाली की अकरावी विज्ञान इंग्रजीत. दोन वर्षं घोकलेले शब्द जूनमध्ये एका आठवड्यात निकामी होतात. सेमी इंग्रजीमुळं हा धक्का काहींना आधीच बसून गेलेला असतो, एवढंच.

माझ्या वर्गात उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वस्तीत, काम करणाऱ्यांची बरीच मुलं आहेत. गेल्या वर्षी त्वरणाची व्याख्या तिसऱ्यांदा सांगूनही चेहरे कोरेच होते, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हंजे गाडीचं पिकअप, सर?" तेच ते. किती वेळात किती वेग वाढला, यालाच तो गॅरेजमध्ये पिकअप म्हणत होता. आता ब्रेक दाबल्यावर काय होतं, हे मी विचारलं. थोडा विचार करून तो म्हणाला, "उलटं पिकअप." ऋण त्वरण त्यानं स्वतःच शोधलं होतं. तेव्हापासून या धड्याला मी फळ्यावर चार शब्द लिहितो : प्रवेग, त्वरण, ॲक्सिलरेशन, पिकअप. आणि शिकवायला सुरुवात चौथ्यापासून करतो.