नेटवरचं जुनं भाषण लावण्याआधी
(कॅसेट आणि स्पूल डिजिटल करून देणाऱ्या आमच्या सांगलीतल्या दुकानाकडून ग्राहकांसाठी)

मार्च उजाडला की मंडळांची, वाचनालयांची माणसं पेनड्राइव्ह घेऊन येतात. "यशवंतरावांचं भाषण सापडलंय नेटवर, जरा आवाज वाढवून द्या." आवाज वाढवणं पाच मिनिटांचं काम. पण भाषण कधीचं, कुठलं, पुरतं आहे की मधूनच कापलेलं, हे सहसा कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून हा कागद.

आवाजाआधी पान वाचा. वक्ता, तारीख, गाव, मूळ फीत कुणाकडची, ती स्पूल (उघड्या चकरीवरची फीत) होती की कॅसेट, डिजिटल कुणी केली, एवढं तरी चांगल्या संग्रहात लिहिलेलं असतं. "दुर्मिळ भाषण, जरूर ऐका" ही नोंद नव्हे, जाहिरात आहे.

समजा, पानावर लिहिलंय: "यशवंतराव चव्हाण, सांगली, 1958, मूळ कॅसेटवरून." तिथेच थांबा. फिलिप्सने ही कॅसेट आणली 1963 साली. म्हणजे एकतर साल चुकलंय, नाहीतर कॅसेट ही स्पूलची नक्कल आहे. मग निवेदकाकडे कान द्या. तो "महाराष्ट्राचे मुख्यमंत्री" म्हणत असेल, तर भाषण 1 मे 1960 नंतरचं. त्याआधी चव्हाण द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. "संरक्षणमंत्री" म्हणाला, तर नोव्हेंबर 1962 च्या पुढचं. आणि आपल्या भागाची खास खूण: 1949 साली साताऱ्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा 1960 पर्यंत "दक्षिण सातारा" होता. 1958 च्या सभेत कुणी "सांगली जिल्हा" म्हणत असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. (उलट "दक्षिण सातारा" ऐकू आलं म्हणून लगेच निकाल देऊ नका. जुनं नाव तोंडातून लवकर जात नाही.)

आता आवाज. सभेच्या ध्वनिमुद्रणात गर्दीची कुजबुज आणि भोंग्याची घरघर सतत असते. एखाद्या वाक्याआधी ती टचकन थांबली किंवा बदलली, तर तिथे जोड आहे. जोड असणं गुन्हा नाही, तो लिहिलेला हवा. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासात संपते, त्यामुळे तिसाव्या मिनिटाला वाक्य तुटलेलं आढळलं तर आम्हाला उलट बरं वाटतं: कुणी हात लावलेला नाही. अगदी चकचकीत आवाजाचीच आम्हाला जास्त धास्ती. खरखर काढण्याचा अतिरेक झाला की वक्ता पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो आणि शब्दांची टोकं जातात. जबाबदार संग्रह मूळ आणि साफ केलेली, अशा दोन्ही फाइली ठेवतो.

आवाज चिरका वाटला तर वक्त्याला दोष देऊ नका. रेकॉर्डरचे सेल उतरले की फीत संथ फिरत मुद्रित होते, आणि नेहमीच्या वेगाने लावली की आवाज बारीक येतो. आपल्या विजेची घरघर 50 हर्ट्झची. ती 53 वर दिसली तर फीत साधारण सहा टक्के जोरात पळतेय. हे आम्ही तुमच्यासमोर मोजून दाखवतो. (सभा जनरेटरवर असली तर मात्र या मापावर भरवसा नाही.)

फाइलचा आकारही बोलतो. आयासा या ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जतनाच्या फाइलसाठी किमान 48 किलोहर्ट्झ, 24 बिट एवढा मुद्रणाचा दर्जा सांगितला आहे. एका चॅनलच्या तासाभराच्या अशा फाइलला सुमारे 518 एमबी लागतात. 128 केबीपीएसच्या (दाबून लहान केलेल्या) एमपीथ्रीला जेमतेम 58. ती ऐकायला चालते, जतनाला नाही. एमपीथ्रीवरून बनवलेली मोठी फाइल हा तर निव्वळ फुगवटा.

हक्काबद्दल थोडक्यात: ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं राहतो, आणि भाषणाच्या मजकुराचा हक्क त्याहून वेगळा असतो. परवानगीचा मजकूर पानावर नसेल, तर कार्यक्रमाआधी संग्रहाला विचारा.

घरातल्या फिती एखाद्या संग्रहाला द्यायच्या असतील, तर मूळ फीत परत मिळेल का, हे आधी लेखी घ्या. 2019 च्या पुरात भिजलेल्या कॅसेट अजूनही कुणाच्या माळ्यावर असतील, तर "चालते का बघू" म्हणून टेपमध्ये घालू नका. बुरशी यंत्रात जाते आणि फीत गुंडाळून तुटते. तशाच, डबीसकट आणा. नेटवरची फाइल आणताना ती जिथून घेतली त्या पानाचा फोटोही मोबाइलमध्ये असू द्या.