पगारपत्रकाची भाषा: कोबॉलची पार्श्वभूमी

पुण्यातल्या हिंजवडी किंवा खराडीतल्या कंपन्यांच्या नोकरभरतीत आजही मेनफ्रेम (बँकांसारख्या मोठ्या संस्थांचे अवाढव्य संगणक) आणि कोबॉल ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा येणारे उमेदवार मागितले जातात. ज्यांचे वडीलही जन्मले नव्हते त्या काळातली ही भाषा नव्या मुलांना का शिकावी लागते, याचे उत्तर तिच्या जन्मकथेतच आहे.

१९५०च्या दशकात संगणक बदलला की पगारपत्रके आणि मालसाठ्याचे प्रोग्राम बहुधा नव्याने लिहावे लागत. या खर्चाला कंटाळलेल्या अमेरिकी संरक्षण खात्याने मे १९५९ मध्ये पेंटागॉनमध्ये बैठक बोलावली आणि त्यातून सगळ्या यंत्रांवर चालेल अशी एक भाषा, म्हणजेच कोबॉल, ठरवण्यासाठी कोडॅसिल ही समिती उभी राहिली. संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांची फ्लो-मॅटिक ही आधीची भाषा नव्या भाषेचा मुख्य आधार ठरली. १९६०च्या डिसेंबरात एकच कोबॉल प्रोग्राम जवळजवळ जसाच्या तसा आरसीए आणि युनिव्हॅक अशा दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवण्यात आला.

‘अ‍ॅड बेसिक टू डीए गिव्हिंग ग्रॉस’ असे वाक्य लिहून पूर्णविराम द्यायचा, ही तिची धाटणी. संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांनी या शब्दबंबाळपणाची यथेच्छ टवाळी केली; मात्र हिशेबनिसाच्या दृष्टीने खरी गोम वेगळीच होती. दहा पैसे, म्हणजे ०.१० रुपया, ही रक्कम संगणकाच्या शून्य-एकच्या द्विमान अपूर्णांकात नेमकी मांडताच येत नाही. कोबॉलमध्ये रुपयांचे किती अंक आणि पैशांचे किती, हे ‘पिक’ हा शब्द लिहून आधीच ठरवता येते आणि आकडेमोड दशमान पद्धतीने होते, त्यामुळे लाखो खात्यांवर व्याज लावूनही पैशाचा हिशेब जुळतो. पूर्णविरामाचा जाच मात्र खरा होता. १९८५च्या प्रमाणीकरणात अट संपल्याचे सांगणारा ‘एंड-इफ’ येईपर्यंत ‘इफ’ने सुरू होणाऱ्या अटीची हद्द बहुतेक वेळा तो एक ठिपकाच ठरवत असे; तो विसरला, की पुढची ओळही मुकाट्याने त्या अटीखाली जाई आणि प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर चकार शब्द काढत नसे.

पुण्याचा तिच्याशी मोठा संबंध आला तो एका जुन्या काटकसरीमुळे. भोके पाडून माहिती नोंदवायच्या ऐंशी रकान्यांच्या पंचकार्डावर जागा वाचावी म्हणून वर्षाचे दोनच अंक लिहिण्याची सवय लागली होती. त्यामुळे ‘००’ म्हणजे १९०० की २००० हे यंत्राला कळले नसते, आणि २००० साल जवळ येताच अशा नोंदी शोधून दुरुस्त करायला परदेशी बँकांना व विमा कंपन्यांना माणसे हवी होती. शहरात मेनफ्रेमचे क्लास निघाले आणि विज्ञानाच्या, अगदी वाणिज्य शाखेच्याही पदवीधरांना त्या वाटेने सॉफ्टवेअरमध्ये शिरता आले. १९८१ साली पुण्यात सुरू झालेल्या टाटांच्या संशोधन केंद्रात जुने प्रोग्राम तपासणारी साधने घडवण्याचे काम झाले.

दुरुस्ती संपल्यावर कोबॉल जाईल, हा तेव्हाचा अंदाज साफ चुकला. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या धुमाळीत, बेरोजगार भत्त्याच्या अर्जांनी जुनी यंत्रणा तुंबल्यावर न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबॉल जाणणाऱ्यांना जाहीर साद घालावी लागली. अशा प्रणाली बदलणे खर्चिक तर आहेच, पण त्याहून अवघड गोष्ट ही, की व्याजाचे आणि सवलतींचे कित्येक नियम आता केवळ त्या प्रोग्राममध्येच लिहिलेले उरले आहेत.