दोन खडे आणि उद्याची नदी

गेल्या पावसाळ्यात आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरला: 'एआय सांगणार उद्याचा पूर, ९५ टक्के अचूक!' सीनाकाठच्या माझ्या आत्तेभावानं त्यावर एवढंच विचारलं, "मग नदीवरची पाण्याची मोटार आज काढू का उद्या?"

त्याची स्वतःची पद्धत आहे. संध्याकाळी पाण्याच्या कडेला एक खडा, सकाळी दुसरा. पाणी चढतंय की उतरतंय, आणि किती, हे दोन खड्यांमधलं अंतर सांगतं.

संख्याशास्त्रात यालाच ऑटोरिग्रेशन म्हणतात: मालिकेच्या मागच्या आकड्यांवरून पुढचा काढायचा. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ यूल यांनी १९२७ साली सूर्यावरच्या डागांसाठी हे वापरलं. १९३१ मध्ये ते पुढे नेणारे गिल्बर्ट वॉकर त्याआधी भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख होते.

समजा, नेहमीच्या प्रवाहावर आज १०,००० क्युसेक जादा पाणी आहे (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर). जुन्या नोंदींवरून गुणक निघाले आजच्यासाठी १.३ आणि कालच्यासाठी उणे ०.४. काल ६,००० जादा असेल, तर उद्या १३,००० वजा २,४००, म्हणजे १०,६००. काल १४,००० असेल, तर १३,००० वजा ५,६००, म्हणजे ७,४००. आजचा आकडा तोच, पण एक नदी चढती आणि दुसरी उतरती. मला हे गणित फार आवडतं. प्रत्यक्षात आधी प्रवाहाचे लॉगरिदम घेतात (त्यानं मोठे आकडे आक्रसतात), कारण पुराच्या आकड्यांपुढे उन्हाळ्याचे दिसतही नाहीत. मग अंदाजात उरलेल्या चुकांमध्ये काही सहसंबंध राहिलाय का, म्हणजे एका चुकीवरून पुढची ओळखता येते का, तेही तपासतात.

आता ते ९५ टक्के. नदी बहुतेक दिवस सावकाश बदलते. म्हणून 'उद्या आजच्याइतकंच पाणी' असं रोज म्हणणाराही भरघोस मार्क मिळवतो. त्याचा आलेख खऱ्या आलेखाला चिकटलेला दिसतो. भिंग लावलं की कळतं, तो एक दिवस उजवीकडे सरकलाय. पूर येऊन गेल्यावर इशारा! अचूकता मोजायची तर पाणी चढण्याच्या दिवशीच मोजावी. (नक्षत्राचं वाहन म्हैस, म्हणून भरपूर पाऊस, असं सांगणारे तर कालची पातळीही विचारत नाहीत.)

या गणितातल्या नदीला फक्त स्वतःची आठवण असते, वर पडलेल्या पावसाची खबर नसते. भीमेवर तर उजनीचे दरवाजे माणसं उघडतात, आणि धरणाच्या खाली नीरा नरसिंहपूरला नीरेचं पाणी येऊन मिळतं. पंढरपूरचा अंदाज चंद्रभागेच्या कालच्या पातळीवर कसा निघणार? म्हणून उजनीचा विसर्ग आणि नीरेचा प्रवाह या दोन मालिका, पाणी पोचायला लागणाऱ्या तासांइतक्या मागे सरकवून, समीकरणात घालतात.

आत्तेभावानं मोटार त्याच रात्री काढली. खडे जागच्या जागी होते. वरच्या गावातून दाजींचा फोन आला होता.