रेडिओ-नियंत्रित रणगाडे : छंदाची सुरुवात

रेडिओ-नियंत्रित रणगाडा : खऱ्या रणगाड्याची मापाबरहुकूम लहान केलेली, बॅटरीवर चालणारी आणि हातातल्या रिमोटने दुरून हाकता येणारी प्रतिकृती. ती जुळवणे, रंगवणे, चालवणे, बिघडली की उघडून दुरुस्त करणे आणि दुसऱ्याच्या रणगाड्याशी लढवणे, हे सगळे या छंदात येते. रेडिओवर चालणाऱ्या मोटारींची मजा वेगात असते, विमानांची हवेतला तोल सांभाळण्यात. रणगाड्यात पाहायचा असतो तो जडपणा. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टायगर-१ चा रस्त्यावरचा कमाल वेग ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास होता. सोळा पटींनी लहान केलेल्या टायगरने त्या हिशेबात ताशी २.८ किलोमीटरने चालायला हवे. रमतगमत चालणारा माणूसही त्याला मागे टाकेल. पहिल्याच दिवशी ‘हा इतका हळू का?’ असे वाटणाऱ्याने हे गणित एकदा करून पाहावे. नव्या माणसाचे बरेचसे चुकीचे खर्च या हळूपणाला दोष समजण्यातून होतात.

प्रमाण : या छंदाचे मुख्य प्रमाण १:१६ आहे. तोफेच्या नळीसह सुमारे ८.४५ मीटर लांब असलेला टायगर-१ या प्रमाणात ५३ सेंटिमीटरच्या जवळ भरतो, तर अमेरिकी शर्मन ३७ सेंटिमीटरच्या आसपास. दोन मोटरा, गिअरबॉक्स, स्पीकर, बॅटरी आणि टरेट (वरचा फिरता तोफ-बुरूज) फिरवणारी यंत्रणा एवढ्या पोटात नीट मावते, उघडून हातही घालता येतो. १:२४ चे रणगाडे घरातल्या घरात चालवायला आणि लढवायला सोयीचे असतात, पण आतली जागा अडचणीची असल्याने दुरुस्ती जिकिरीची होते. १:३५ हे खरे तर स्थिर प्रतिकृतींचे प्रमाण. त्यात यंत्रणा बसवणारे कुशल हौशी आहेत, मात्र ते नवख्याचे काम नव्हे. १:६ चे प्रचंड रणगाडे हा वेगळाच प्रांत आहे. एकट्या माणसाला ते सहसा उचलतासुद्धा येत नाहीत.

निर्माते : जपानच्या टामिया कंपनीने १९७४ मध्ये १:१६ प्रमाणातला रेडिओ-नियंत्रित शर्मन बाजारात आणला. कंपनीच्या रेडिओ-नियंत्रित प्रतिकृतींची सुरुवात याच रणगाड्याने झाली. टामियाचे रणगाडे सुट्या भागांच्या संचात येतात. त्यांची जोडणी काटेकोर असते, किंमतही तशीच असते. हा छंद सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणला तो चीनच्या हेंग लाँगने. तिचे रणगाडे खोक्यातून काढायचे, बॅटरी चार्ज करायची आणि चालवायचे. टायगेनची ओळख धातूच्या भागांसाठी आहे. जर्मनीतल्या टॉरोच्या नावाने सुधारलेल्या तयार आवृत्त्याही विकल्या जातात. या सगळ्यांचे बरेच भाग थोड्याफार खटपटीने एकमेकांत बसतात. म्हणूनच १:१६ मध्ये सुटे भाग मिळण्याची चिंता फारशी नसते.

पहिला रणगाडा कोणता घ्यावा, यावर जाणकारांत मतभेद आहेत. संच जोडत बसले की यंत्रणा आपोआप समजते, असे एक मत आहे. ते खरेच आहे, पण जोडणीत महिने जातात आणि रणगाडा कसा वागतो हे कळायच्या आधीच उत्साह संपण्याची भीती असते. बहुतेकांसाठी १:१६ चा, प्लास्टिकच्या ट्रॅकचा (चाकांभोवती फिरणाऱ्या कड्यांच्या पट्ट्याचा), तयार रणगाडा हीच उत्तम सुरुवात ठरते. तो बिनधास्त चालवावा, त्याचा तळ उघडावा, काय झिजते आणि काय तुटते ते पाहावे, मग पैसे कुठे घालायचे ते ठरवावे. कंपन्यांची एकाच रणगाड्याची साधी, मधली आणि पूर्ण धातूची अशी उतरंड असते. त्यातली मधली, म्हणजे धातूचे गिअर असलेली आवृत्ती परवडत असेल तर ती घ्यावी. पुढे सर्वांत आधी बदलावे लागतात ते गिअरच.

कोणत्या देशाचा किंवा काळाचा रणगाडा घ्यावा हा आवडीचा प्रश्न आहे. एक व्यावहारिक फरक मात्र ध्यानात ठेवावा. टायगर आणि पँथर या जर्मन रणगाड्यांची चाके एकमेकांवर चढलेली असतात, आतल्या चाकात गवत किंवा खडा अडकला की बाहेरची चाके काढल्याशिवाय हात पोचत नाही. शर्मन किंवा सोव्हिएत टी-३४ ची चाके सुटी सुटी असतात. पाच मिनिटांत साफ होतात.

चालण्याची यंत्रणा : तळाशी दोन मोटरा आणि दोन गिअरबॉक्स असतात, प्रत्येक बाजूच्या ट्रॅकला एक. ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाला स्प्रॉकेट म्हणतात. टायगर आणि शर्मनमध्ये ते पुढे असते, टी-३४ मध्ये मागे. दुसऱ्या टोकाला ट्रॅक ताणून धरणारे आयडलर चाक असते. दोन्ही मोटरा सारख्या फिरल्या की रणगाडा सरळ जातो, एक मंदावली की त्या बाजूला वळतो आणि दोन्ही उलटसुलट फिरल्या की जागच्या जागी गर्रकन फिरतो. ही शेवटची करामत प्रेक्षकांना भावते. पण खऱ्या शर्मनला ती जमत नव्हती. त्याच्या स्टिअरिंगमध्ये दोन्ही ट्रॅक विरुद्ध दिशांना फिरवण्याची सोयच नव्हती, त्याला मोठे वळण घेऊनच तोंड फिरवावे लागे. टायगरला ते जमे. म्हणून खरेपणाचा आग्रह धरणारे हौशी शर्मन चालवताना रिमोटची काठी पूर्ण आडवी दाबत नाहीत, थोडी पुढे ठेवूनच वळवतात.

मोटरांना किती वीज द्यायची, आवाज कधी वाजवायचा, तोफ कधी मागे ढकलायची हे सगळे आतला नियंत्रण बोर्ड ठरवतो. जुने रणगाडे २७ किंवा ४० मेगाहर्ट्झवर चालत, आणि एकाच फ्रिक्वेन्सीचे दोन रणगाडे शेजारी आले की एकाच्या रिमोटने दुसराही हलायचा. आता सगळीकडे २.४ गिगाहर्ट्झ आले आहे. रिमोट आणि बोर्ड यांची एकदा जोडी लावली की दुसऱ्याचा संकेत मध्ये येत नाही. वापरलेला रणगाडा विकत घेताना हे आवर्जून पाहावे. चांगल्या बोर्डाची खूण म्हणजे हळू सुरुवात आणि हळू थांबणे. काठी झटकन पुढे ढकलली तरी रणगाडा क्षणभर थांबून, इंजिनाचा आवाज चढल्यावर हलतो, आणि काठी सोडली की जरा पुढे सरकून थबकतो. लहान प्रतिकृतीत जे वजन नसते, त्याचा भास बोर्ड असा निर्माण करतो.

वजन : लांबी सोळाव्या हिश्श्यावर आली की घनफळ १६ × १६ × १६, म्हणजे ४,०९६ पटींनी कमी होते. टायगरचे वजन सुमारे ५७ टन होते. त्याला ४,०९६ ने भागले तर जवळजवळ १४ किलो येतात. प्लास्टिकचा १:१६ टायगर मात्र तीन-चार किलोंचा असतो. त्यामुळे त्याच्या स्प्रिंगा दबतच नाहीत आणि तो दगडावरून डुलत जाण्याऐवजी उड्या मारतो. अनुभवी लोक तळात शिशाचे किंवा पोलादाचे तुकडे बसवतात, ट्रॅक आणि चाके धातूची करतात. वजन वाढताच चाल बदलते. नाक खाली जाते, चाके खड्ड्याचा आकार घेतात, थांबताना सगळा देह पुढे झुकून मागे येतो. ते पाहण्यासाठीच कितीतरी माणसे हा छंद वर्षानुवर्षे करतात.

याची किंमत गिअरबॉक्सला मोजावी लागते. धातूचे ट्रॅक चढवून आत प्लास्टिकचे गिअर तसेच ठेवले तर वळताना कडकड आवाज येऊ लागतो आणि एक दिवस मोटर फिरते पण ट्रॅक हलत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी पोलादी गिअर, मग धातूचे स्प्रॉकेट आणि आयडलर, शेवटी धातूचे ट्रॅक. पोलादी गिअरबॉक्स ३:१, ४:१ आणि ५:१ अशा गुणोत्तरांत मिळतात. आकडा वाढला की वेग घटतो आणि ओढ वाढते. जड रणगाड्याला मोठाच आकडा शोभतो.

ट्रॅक : नव्या रणगाड्याचा पहिला बिघाड बहुधा इथेच होतो. ट्रॅक फार सैल असला की वळताना स्प्रॉकेटचे दात कड्या चुकवतात, टक् टक् आवाज येतो आणि ट्रॅक बाहेर निसटतो. फार ताणला की मोटर तापते, आस लवकर झिजतात. ताण पाहायला वरच्या बाजूच्या मध्यावर बोट ठेवून हलके दाबावे. ट्रॅक थोडा दबून परत वर यायला हवा. टायगर आणि टी-३४ मध्ये वरचा ट्रॅक चाकांवरच टेकलेला असतो, त्यामुळे थोडी झोळ असणेच खरे दिसते. शर्मनला वर आधाराच्या पुल्या असल्याने त्याचा ट्रॅक तुलनेने ताठ असतो. आयडलरच्या खिळीने ताण कमी-जास्त करता येतो. प्लास्टिकचे ट्रॅक वापराने लांबतात, तेव्हा एक कडी काढून टाकली की काम भागते.

लोकरीच्या गालिच्यावर रणगाडा चालवू नये. जागच्या जागी वळवला की धागे आधी स्प्रॉकेटच्या दातांत आणि मग आसाभोवती गुंडाळले जातात, आस आवळत जातो, त्या बाजूच्या मोटरचा आवाज जड होतो आणि रणगाडा न सांगता एका अंगाला ओढू लागतो. रणगाडा सरळ जात नाही म्हणून बोर्डाला दोष देण्याआधी तो उलटा करून आसाजवळ केस आणि धागे आहेत का ते पाहावे. दाबलेली माती, आखूड गवत, वाळकी पाने पडलेली जमीन ही उत्तम मैदाने आहेत. कोरडी बारीक वाळू मात्र गिअरबॉक्समध्ये शिरते आणि वंगणात मिसळून गिअर खाते.

बॅटरी : साधे रणगाडे ७.२ व्होल्टच्या निकेल-मेटल हायड्राइड किंवा ७.४ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर चालतात. दोन्हींचे चार्जर वेगळे असतात. निकेलच्या चार्जरला लिथियमची बॅटरी कधीही जोडू नये, आग लागू शकते. ७.४ व्होल्टच्या लिथियम बॅटरीत दोन सेल असतात. प्रत्येक सेल भरल्यावर ४.२ व्होल्टवर असतो आणि ३ व्होल्टच्या खाली उतरला तर कायमचा खराब होऊ शकतो. बरेच दिवस रणगाडा बंद ठेवायचा असेल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून बॅटरी बाहेर काढावी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. ती फेकण्याचीही ठरलेली पद्धत असते. चार्जिंग चालू असताना खोली सोडून जाऊ नये.

धूर सोडणारे यंत्र असल्यास त्यातले तेल संपू देऊ नये. कोरडी तापली की आतली वात जळते.

रंगकाम : कारखान्यातला रंग खेळण्यासारखा चकचकीत दिसतो. त्यावर मंद झाक चढवून, खाचांत पातळ गडद रंग उतरवून, कडांवर कोरड्या कुंचल्याने फिकट रंग फिरवला की तोच रणगाडा ओळखू येत नाही. जर्मन रणगाड्यांचा मूळ रंग १९४३ च्या सुरुवातीला गडद करड्यावरून गडद पिवळ्यावर आला. १९४३ च्या अखेरीपासून सप्टेंबर १९४४ पर्यंत अनेकांवर झिमरिट नावाच्या लेपाची खडबडीत नक्षी होती. म्हणून आपला रणगाडा कोणत्या वर्षीचा हे आधी ठरवावे, मग रंग आणि खुणा निवडाव्यात. चिखल लावायचा तर खालच्या एक-तृतीयांश भागात जास्त आणि टरेटवर जवळजवळ नाहीच. गंज ट्रॅकवर शोभतो, चिलखतावर सहसा नाही.

लढाई : हेंग लाँगचे अनेक रणगाडे ६ मिलिमीटरच्या प्लास्टिक गोळ्या झाडतात. कागदी निशाण्यावर ते मजेचे आहे, पण बघ्यांसह सगळ्यांच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. काही देशांत अशा यंत्रणांवर कायदेशीर बंधनेही आहेत. रणगाड्यांची खरी झुंज होते ती इन्फ्रारेडवर. तोफेतून अदृश्य किरण सुटतो आणि समोरच्या रणगाड्यावर खांबाच्या टोकाला बसवलेला ग्राहक तो टिपतो. त्याच्या गोल आकारामुळे हौशी लोक त्याला सफरचंद म्हणतात. टामियाच्या पद्धतीत हलका रणगाडा ३ फटक्यांत, मध्यम ६ आणि जड ९ फटक्यांत बाद होतो, पण जड रणगाड्याला पुन्हा गोळा भरायला जास्त वेळ लागतो. त्यामुळे हलक्या रणगाड्यांची जोडी आडोसा धरून दोन बाजूंनी आली तर टायगरची पंचाईत होते. वळण घेताना नळी सावरणे, चढावर थांबून फक्त टरेट वर काढणे या खऱ्या रणांगणावरच्या युक्त्या इथेही चालतात. भर उन्हात मात्र ग्राहक आंधळे होतात आणि मारा जवळून करावा लागतो. त्यामुळे अनेक गट सकाळ-संध्याकाळ, सावलीत किंवा छताखाली लढतात. वेगवेगळ्या कंपन्यांचे रणगाडे एका मैदानात उतरवायचे असतील तर त्यांचे इन्फ्रारेड संकेत एकमेकांना ओळखतात का ते बोर्ड घेतानाच तपासावे. बहुतेक गट टामियाच्या संकेतांना आधार मानतात आणि इतर कंपन्यांचे अनेक बोर्ड ते संकेत समजणारेच असतात.