के. व्ही. रणगाडे (१९४१)

जर्मन–सोव्हिएत युद्धाच्या पहिल्या आठवड्यांत लढलेले अवजड सोव्हिएत रणगाडे. माजी संरक्षणमंत्री क्लिमेंट वोरोशिलोव्ह यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांचे नाव पडले. लेनिनग्राडच्या किरोव कारखान्यात त्यांची बांधणी होई. के. व्ही.–१ चे वजन सुमारे ४५ टन, पुढचे चिलखत ७५ मिमी. आणि तोफ ७६ मिमी. होती. के. व्ही.–२ वर १५२ मिमी. हॉवित्झर (उंच कमानीत मारा करणारी आखूड तोफ) बसवली होती. या रणगाड्याचा बुरूज (तोफ बसवलेला फिरता भाग) इतका उंच व जड होता, की गाडी उतारावर कलली तर तो फिरवणे अवघड जाई.

२२ जून १९४१ रोजी आक्रमण झाले, तेव्हा सोव्हिएत सैन्याकडे असे सुमारे ५०० रणगाडे होते. जर्मनांना त्यांची जवळजवळ कल्पनाच नव्हती. लिथुएनियातील रासेनियायजवळ, दुबिसा नदीच्या परिसरात, त्यांच्या सहाव्या पँझर (रणगाडा) डिव्हिजनची गाठ या रणगाड्यांशी पडली. ३७ मिमी. तोफांचे गोळे चिलखतावर आपटून उडू लागले. या तोफेला जर्मन सैनिक पुढे उपहासाने ‘दार ठोठावणारी’ म्हणत. एका के. व्ही.ने तर जर्मन तुकडीच्या मागचा रसद-रस्ता सुमारे एक दिवस अडवून धरला. ५० मिमी. तोफा, रात्री सुरुंगियांनी लावलेली स्फोटके, काहीच पुरले नाही. शेवटी हलक्या रणगाड्यांनी त्याचे लक्ष वेधले आणि मागून आणलेल्या ८८ मिमी. विमानवेधी तोफेने त्याला गाठले. तो के. व्ही.–१ होता की २, यावर अजून वाद आहे.

तरीही लढाई सोव्हिएत बाजूने गमावलीच. येगोर सोल्यान्किन यांची दुसरी टँक डिव्हिजन वेढली गेली आणि ते स्वतः मारले गेले. चिलखत शाबूत असलेल्या कितीतरी गाड्या गियर-क्लच निकामी झाल्याने किंवा इंधन संपल्याने रस्त्याकडेला सोडून द्याव्या लागल्या. गियर बदलायला चालक हातोडा वापरत, असे सांगतात. दुरुस्तीच्या जड गाड्यांचा तुटवडा, त्यात कित्येक पूल एवढा भार पेलत नसत. खरा घात शत्रूच्या गोळ्यांपेक्षा यांनीच जास्त केला.

फार चालावे लागत नसे तेथे मात्र हीच गाडी भारी पडे. ऑगस्ट १९४१ मध्ये लेनिनग्राडच्या दक्षिणेला वोयस्कोवित्सीजवळ झिनोवी कोलोबानोव्ह यांनी आपला के. व्ही.–१ खड्ड्यात दडवून रस्त्यावर नेम धरला. त्यांच्या नावे २२ जर्मन रणगाडे नोंदले गेले.