लेसर वर्णपटाचे फूरिये विश्लेषण

लेसर डायोडमधून (अर्धसंवाहक चिपच्या लेसरमधून) बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या वर्णपटावरून, चिपला धक्का न लावता, तिच्या आतली प्रकाशाची घट, लाभ (म्हणजे वाढ) आणि दोष शोधण्याची गणिती पद्धत. अर्धसंवाहक लेसरांसाठी ती डॅनियल हॉफस्टेटर आणि रॉबर्ट थॉर्नटन यांनी १९९८ मध्ये मांडली.

चिपच्या दोन्ही कडा आरशाचे काम करतात. अपवर्तनांक ३.५ च्या आसपास असल्याने लेप न दिलेल्या कडेवरूनही सुमारे ३० टक्के प्रकाश मागे फिरतो. दोन कडांमध्ये येरझारा घालताना ज्या तरंगलांबी एका फेरीत नेमक्या बसतात, त्याच बळावतात. म्हणून वर्णपट फणीसारखा दातेरी दिसतो. ३०० मायक्रोमीटर लांबीच्या, ८५० नॅनोमीटरवर चालणाऱ्या चिपमध्ये लगतच्या दातांत जेमतेम ०.३ नॅनोमीटर अंतर असते (समूह अपवर्तनांक, म्हणजे अपवर्तनांक तरंगलांबीनुसार बदलतो हे हिशेबात घेऊन येणारा आकडा, ४ धरून).

आधी तरंगलांबीचा अक्ष तरंगांकात (१ भागिले तरंगलांबी) बदलून घ्यावा लागतो. दात सारख्या अंतरावर येतात ते तिथेच. ही पायरी गाळली की शिखरे पसरट होतात. मग फूरिये रूपांतर, म्हणजे ठरावीक अंतराने येणारी पुनरावृत्ती वेगळी काढणारे गणित, केले की आडव्या अक्षावर लांबी येते. वरच्या चिपसाठी पहिले शिखर २.४ मिलिमीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन एका फेरीच्या प्रकाशीय लांबीवर (प्रत्यक्ष लांबी गुणिले समूह अपवर्तनांक) उभे राहते, पुढची ४.८ आणि ७.२ वर. प्रत्येक शिखर आधीच्यापेक्षा ठरावीक प्रमाणात बुटके असते, आणि खरी माहिती या प्रमाणातच आहे. समजा ते ०.६ आले. कडांचे परावर्तन ०.३ असेल, तर चिपमधून एकदा जाताना प्रकाश, घट वजा जाता, दुप्पट झाला. शून्यावरचे शिखर मात्र हिशेबात धरत नाहीत, कारण त्यात पार्श्वभूमीचा उजेडही मिसळलेला असतो.

मोजमाप उंबरठा प्रवाहाच्या, म्हणजे लेसर सुरू व्हायला लागणाऱ्या किमान विद्युतप्रवाहाच्या, खालीच करतात. त्यावर गेले की एक-दोन दातच बाकीच्यांना झाकून टाकतात.

सत्तरच्या दशकातली हक्की-पाओली पद्धत दातांचे माथे आणि खाचा यांच्या गुणोत्तरावर चालते. वर्णपटमापकाची बारीक फरक टिपण्याची क्षमता जरा कमी असली की दात बोथट होतात आणि उत्तर चुकते. फूरिये पद्धतीत हाच बोथटपणा साधा गुणक बनतो. उपकरणाचा प्रतिसाद ठाऊक असेल, तर त्याने भागून टाकता येते.

चिपमध्ये तडा असेल तर मधेच जादा शिखरे दिसतात. एका टोकापासून १०० मायक्रोमीटरवर तडा असेल, तर ती ०.८ आणि १.६ मिलिमीटरवर येतात. तडा कोणत्या टोकाकडे आहे, हे मात्र शिखरांच्या नुसत्या जागांवरून कळत नाही.